फळीखालची रेल्वे

घरातल्या रेल्वेसाठी इंजिन विकत मिळतं. डबे, रूळ, सिग्नलचे खांब, स्टेशनची इमारत, फलाटावरची बोटाच्या पेराएवढी माणसं, सगळं तयार मिळतं. पैसे असतील तर एका संध्याकाळी टेबलावर रुळांचं वर्तुळ जोडून गाडी फिरवता येते. पण त्याला अजून रेल्वे म्हणता येत नाही. रेल्वे म्हणजे नुसती धावणारी गाडी असती, तर १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी पोचली त्याच दिवशी तिचं काम संपलं असतं. त्याच रुळावर दुसरी गाडी आणायची वेळ आली, तेव्हा खरी रेल्वे सुरू झाली. कोणी आधी जायचं, कोणी कुठे थांबायचं, सांधा कोणत्या बाजूला लावायचा, तो लागल्याची खात्री कशी करायची आणि काही बिघडलं तर गाडी आपोआप कशी थांबेल, या प्रश्नांच्या उत्तरांतून रेल्वे घडत गेली. घरातल्या छोट्या रेल्वेत ही उत्तरं प्लायवूडच्या खालच्या बाजूला, वायरींत लिहिलेली असतात. या छंदाचं मोल नेमकं तिथे आहे. मॉडेल रेल्वेचं वायरिंग हे विजेचं, सुरक्षिततेचं आणि शिस्तबद्ध विचाराचं असं शिक्षण आहे, की त्याला आपल्या घरांत आणि शाळांत मानाची जागा मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

या छंदाकडे बघण्याची आपली नजर मात्र फळीच्या वरच अडकलेली असते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ला सुरू झालं. तिथे आलेली मुलं धावणाऱ्या गाड्या, दिव्यांनी उजळलेलं छोटं शहर, बदलणारे सिग्नल पाहून हरखतात. जर्मनीत हॅम्बुर्गला २००१मध्ये सुरू झालेल्या ‘मिनियाटूर वुंडरलँड’मध्ये रुळांची लांबी १६ किलोमीटरच्या पुढे गेली आहे. तिथेही पाहणाऱ्यांचं लक्ष डोंगर, विमानतळ आणि गर्दीने भरलेल्या छोट्या रस्त्यांकडे जातं. ते स्वाभाविकच आहे. पण अशा प्रदर्शनात दिवसभर अनेक गाड्या एकमेकींवर न आदळता धावतात, याचं श्रेय देखाव्याला देता येत नाही. कोणता तुकडा मोकळा आहे हे कळवणारी, पुढच्या गाडीला अडवणारी, सांधा फिरवणारी आणि शॉर्ट झाल्यावर क्षणात वीज तोडणारी जोडणी खाली काम करत असते. देखावा कच्चा असला तरी रेल्वे चालते. वायरिंग कच्चं असेल तर सुंदर देखाव्यात गाडी अडकून पडते.

मुळापासून पाहू. सर्वांत प्रचलित प्रमाण एचओ, म्हणजे खऱ्याचा ८७वा भाग. जगातल्या प्रमाण गेजची १,४३५ मिलिमीटर रुंदी ८७ने भागली की १६.५ मिलिमीटर येते. एचओच्या दोन रुळांतलं अंतर तेवढंच असतं. ब्रिटिश ओओ प्रमाणातले रूळही त्याच रुंदीचे, फक्त गाड्या थोड्या मोठ्या, ७६व्या भागाच्या. त्याहून लहान एन प्रमाण १६०व्या भागाचं आणि त्याचं गेज ९ मिलिमीटर. पारंपरिक पद्धतीत रुळांवर जास्तीत जास्त १२ व्होल्टच्या आसपासचा डीसी पुरवठा असतो. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाकांतून वीज मोटरपर्यंत जाते, व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो आणि ध्रुव उलटे केले की गाडी उलटी जाते. म्हणजे इथे रूळ ही नुसती वाट नसून उघड्यावर टाकलेली वायरही आहे, आणि त्या वायरीवरून धातूची चाकं सरकतात. पुढच्या सगळ्या अडचणींचा उगम या एका गोष्टीत आहे, आणि शिकण्यासारखं बरंचसंही तिथेच आहे.

पहिली अडचण ओहमच्या नियमाची. बहुतेक मॉडेल रूळ निकेल-सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी हा तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू आहे. तो सहजी गंजत नाही आणि त्यावर सोल्डर चांगलं धरतं, पण विजेला त्याचा विरोध तांब्याच्या सुमारे पंधरापट किंवा त्याहून अधिक असतो. त्यात रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या कालांतराने सैल होतात, त्यांच्यात धूळ आणि ऑक्साइड साचतं. फक्त एका ठिकाणी वायर जोडून मोठं वर्तुळ चालवायला घेतलं, की गाडी कंट्रोलरजवळ जोरात धावते आणि पलीकडच्या टोकाला रेंगाळते. नवखा माणूस इंजिनाला दोष देतो. उपाय फळीखाली असतो. तिथे तांब्याच्या जाड वायरींची एक जोडी लेआउटभर फिरवायची आणि दर एक-दोन मीटरवर तिला रुळांशी बारीक वायरीने जोडायचं. गावाची मुख्य जलवाहिनी आणि घरोघरचे नळजोड यांचंच हे नातं आहे. शेवटच्या घरापर्यंत दाब टिकवायचा तर मुख्य नळ मोठा हवा. घराच्या वायरिंगला लागणारी दीड चौरस मिलिमीटरची वायर या कामाला उत्तम. तिच्या १० मीटर लांबीचा विरोध साधारण ०.१२ ओहम, म्हणजे एक अँपिअर प्रवाहाला जेमतेम ०.१२ व्होल्टची घट. तेवढ्याच लांबीच्या रुळांत ही घट एक व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरू शकते, आणि सैल जोडपट्ट्यांची घट त्यात आणखी मिळवावी लागते. शाळेत ‘व्ही बरोबर आय गुणिले आर’ पाठ केलेल्या मुलाला हे समीकरण इथे डोळ्यांनी, गाडीच्या वेगात दिसतं.

दुसरी अडचण दोन गाड्यांची. डीसी पद्धतीत एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम धावतात, एकाच दिशेने. त्यांना वेगळं चालवायचं तर रुळांचे तुकडे विजेच्या दृष्टीने वेगळे करावे लागतात. रुळात बारीक फट ठेवायची किंवा प्लॅस्टिकची जोडपट्टी घालायची, प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर द्यायची आणि मधोमध ‘बंद’ असणाऱ्या दुहेरी स्विचने तो तुकडा पहिल्या किंवा दुसऱ्या कंट्रोलरला द्यायचा. हे तुकडे कुठे पाडायचे, हा प्रश्न विजेचा कमी आणि रेल्वे चालवण्याचा जास्त आहे. इंजिन गाडी सोडून थांबणार कुठे? समोरून येणारी गाडी लूपमध्ये घेतली तर मेन लाइन कुठपर्यंत मोकळी हवी? मालगाडी यार्डात शंटिंग करत असताना प्रवासी गाडी शेजारून जाऊ शकेल का? याची उत्तरं ठरवल्याशिवाय रूळ कापता येत नाहीत. अशा तुकड्याला ब्लॉक म्हणतात, आणि ‘एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी’ हे खऱ्या रेल्वेचं मूलतत्त्व आहे. ते पुस्तकात वाचणं आणि त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने रूळ कापायची जागा ठरवणं, यांत मोठं अंतर आहे. दुसऱ्या कामात चुकीची किंमत लगेच मोजावी लागते.

तिसरी अडचण सर्वांत सुंदर आहे, कारण ती भूमितीची आहे. रूळ एका सांध्यावरून निघाला, मोठा फेरा घेऊन वळला आणि त्याच सांध्यावर परत आला, की गाडी तोंड फिरवून परत येते. पण त्याचबरोबर डावा रूळ उजव्या रुळाला येऊन भिडतो आणि वीज दिल्याबरोबर शॉर्ट होतो. कागदावर निर्दोष दिसणारा आराखडा चालतच नाही. मग फेऱ्याच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत फटी पाडायच्या, आतल्या तुकड्याला वेगळा पुरवठा द्यायचा आणि गाडी आत असताना ध्रुव बदलायचे. तो तुकडा सर्वांत लांब गाडी पूर्ण मावेल एवढा हवा, नाहीतर पुढची आणि मागची चाकं दोन्ही फटींवर एकदम येऊन पुन्हा शॉर्ट होतो. याच्या शेजारी भोर घाटाचं उदाहरण ठेवून बघा. १८६३मध्ये घाटाचा मार्ग खुला झाला तेव्हा खंडाळ्याच्या खाली ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होतं. तिथे गाडी एका फाट्यात शिरायची, थांबायची आणि मागच्या टोकाने पुढे चढायची. या रचनेचं मॉडेल केलं तर गाडीची धावण्याची दिशा बदलते, पण रुळांची डावी-उजवी बाजू बदलत नाही. त्यामुळे तिथे शॉर्टचा प्रश्नच येत नाही. दोन्ही रचना वरवर ‘उलटं फिरण्याच्या’, तरी एकीला खास वायरिंग लागतं आणि दुसरीला लागत नाही. हे ज्याला चित्र काढून पटवता आलं, त्याला अवकाशरचनेचा एक खोल धडा मिळाला असं समजावं.

सांधा हा तर स्वतंत्र अभ्यास आहे. सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, त्या टोकदार भागाला फ्रॉग म्हणतात. तो प्लॅस्टिकचा असेल तर शॉर्टचा धोका टळतो, पण हळू चालणारं छोटं इंजिन त्याच्यावर वीज न मिळाल्याने थबकतं. तो धातूचा असेल तर इंजिन सरळ निघून जातं, मात्र सांधा फिरला की फ्रॉगचा ध्रुवही बदलावा लागतो, त्यासाठी सांध्याबरोबर हलणारा एक स्विच लागतो. सोपं आणि भरवशाचं यांतली ही निवड इंजिनिअरिंगमध्ये पदोपदी येते. सांधा फिरवणाऱ्या जुन्या धाटणीच्या कॉइल-मोटरला क्षणभर काही अँपिअरचा मोठा झटका लागतो. बटण दाबून धरलं किंवा अडकलं तर कॉइल जळते. यावरचा उपाय म्हणजे कपॅसिटर. तो सावकाश भरतो, बटण दाबताच साठलेली सगळी वीज एकदम सोडतो आणि बटण दाबलेलं असेपर्यंत पुन्हा भरत नाही. बोट उचललं नाही तरी कॉइल सुरक्षित राहते. माणूस चुकेल हे आधीच गृहीत धरून रचना करायची, चुकीची शिक्षा यंत्राला मिळू द्यायची नाही, हे तत्त्व इतक्या कमी खर्चात दुसरीकडे क्वचितच शिकायला मिळतं.

आणि हे तत्त्व खऱ्या रेल्वेतून आलेलं आहे. १८७२मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी बंद मंडलाच्या ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेने उचलला जाणारा स्विच. रूळ मोकळा असेल तेव्हा प्रवाह रिलेपर्यंत पोचतो आणि तो उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाकं-धुरे दोन्ही रूळ जोडतात, रिलेचा प्रवाह तुटतो, तो खाली पडतो आणि सिग्नल धोक्याचा होतो. या रचनेतली खरी बुद्धी पुढे आहे. वायर तुटली, बॅटरी संपली, रूळच मोडला, तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर निकाल नेहमी थांबण्याच्या बाजूने. मॉडेल रेल्वेत हीच कल्पना प्रवाह ओळखणाऱ्या सर्किटने राबवता येते. अमेरिकी छंदकार लिन वेस्टकॉट यांनी १९५०च्या दशकात अशा कामासाठी ‘ट्विन-टी’ नावाचं ट्रान्झिस्टर सर्किट मांडलं. डब्यांच्या धुऱ्यावर काही किलोओहमचा रेझिस्टर चिकटवला, की इंजिनाशिवाय उभा असलेला डबाही सर्किटला दिसतो. मग सिग्नलचे दिवे कसे जोडायचे, हा प्रश्न येतो. गाडी असताना लाल लागेल असे, की गाडी नसल्याची खात्री असेल तेव्हाच हिरवा लागेल असे? ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात. पण वायर निसटली तर पहिल्या जोडणीत लाल लागत नाही आणि दुसऱ्या जोडणीत हिरवा लागत नाही. सुरक्षितता म्हणजे काय, हे या दोन जोडण्यांतल्या फरकात पुरतं सामावलं आहे.

वायरींना नावं देण्याचं कंटाळवाणं काम याच कारणासाठी महत्त्वाचं ठरतं. रंग ठरवून घेणं, प्रत्येक टोकाला क्रमांकाची चिठ्ठी लावणं, वहीत नकाशा काढणं आणि बदल केला की त्याच दिवशी तो वहीत उतरवणं, एवढी शिस्त पाळली नाही तर काही महिन्यांनी स्वतःचंच वायरिंग परकं होतं. हा केवळ नीटनेटकेपणाचा हट्ट आहे असं कुणाला वाटलं, तर त्याने २ जून २०२३चा ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनचा अपघात आठवावा. हिरवा सिग्नल मिळालेली कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली आणि २९०हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीने बोट ठेवलं ते सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलातल्या आणि फाटकाच्या कामावेळी झालेल्या जोडणीतल्या त्रुटींवर. वायरींवरच्या चुकीच्या नोंदी दीर्घकाळ लक्षात आल्या नव्हत्या, हेही पुढे आलं. घरातल्या फळीवर अशा चुकीने कुणाचा जीव जात नाही, आणि त्या दुर्घटनेची या छंदाशी बरोबरी करण्याचा इथे हेतूही नाही. म्हणायचं एवढंच, की वायरीवरची चिठ्ठी ही सुरक्षायंत्रणेचा भाग असते. ही सवय लागायची तर ती चूक परवडते अशा ठिकाणी, लहान वयात लागलेली बरी.

वायरिंगच्या या शाळेतून किती मोठं काही घडू शकतं, याचा पुरावा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मिळतो. तिथला टेक मॉडेल रेलरोड क्लब १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. त्यात दोन तऱ्हेची मुलं असत. काहींना डोंगर रंगवण्यात आणि डबे बनवण्यात रस, तर ‘सिग्नल आणि पॉवर’ गटातल्यांना फळीखालच्या जाळ्यात. टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले आणि स्विच वापरून त्यांनी अशी यंत्रणा उभारली, की गाडी पुढच्या ब्लॉकमध्ये गेली तरी तिचं नियंत्रण तिच्या चालकाकडेच राहावं. हीच मुलं १९५०च्या दशकाच्या अखेरीस संस्थेतल्या टीएक्स-झिरो या संगणकाकडे वळली. १९६२मध्ये पीडीपी-वन या संगणकावर साकारलेल्या ‘स्पेसवॉर’ या आद्य संगणकखेळामागे या क्लबच्या वर्तुळातली मंडळी होती. स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४च्या ‘हॅकर्स’ या पुस्तकाची सुरुवातच या क्लबपासून केली आहे. प्रत्येक मॉडेल रेल्वेतून संगणकशास्त्रज्ञ निघेल, असा अर्थ यातून काढू नये. पण रिलेंच्या साखळीत ‘हे असेल आणि ते नसेल, तरच’ अशी अट बांधायला जो शिकला, त्याला संगणकाची भाषा परकी राहत नाही, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

यावर पहिला आक्षेप या छंदातलीच जाणती माणसं घेतात. ते म्हणतात, डिजिटल पद्धत आली, आता वायरिंगचं महत्त्व संपलं. दोन वायरी जोडा आणि हव्या तेवढ्या गाड्या चालवा. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेली आणि अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात प्रमाण म्हणून स्वीकारलेली डीसीसी पद्धत खरोखरच विलक्षण आहे. रुळांवर सतत पूर्ण व्होल्टेज असतं, त्याचा ध्रुव सेकंदाला हजारो वेळा पालटतो आणि या पालटण्याच्या लयीतच आज्ञा दडलेली असते: अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा तर ‘एक’, १०० मायक्रोसेकंदांचा किंवा त्याहून लांब तर ‘शून्य’. प्रत्येक इंजिनातला डीकोडर आपल्या पत्त्यावर आलेली आज्ञा तेवढी पाळतो. तरीही वायरिंगची जबाबदारी यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. रुळांना वीज पुरवणारा डीसीसीचा बूस्टर पाच अँपिअर देऊ शकतो. शॉर्ट झाला आणि वीज तुटली नाही तर चाकं तापून प्लॅस्टिक वितळतं. मुख्य वायर बारीक असेल तर तिच्या विरोधामुळे शॉर्टचा प्रवाहच मर्यादित राहतो आणि संरक्षक यंत्रणेला शॉर्ट झाल्याचं कळत नाही. म्हणून लेआउटच्या प्रत्येक कोपऱ्यात रुळांवर धातूचं नाणं आडवं टेकवून बघतात. जिथे बूस्टर तत्काळ बंद पडत नाही तिथलं वायरिंग कमी पडतंय. फेऱ्याचा शॉर्ट, फ्रॉगचा ध्रुव, मोकळ्या तुकड्याची ओळख, सिग्नलचा तर्क, हे सगळं डिजिटल पद्धतीतही करावंच लागतं.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळं संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये शिकता येतं, मग फळी, करवत आणि सोल्डरिंगचा पसारा कशाला? सिम्युलेटर उपयोगाचे आहेतच. इंजिन चालवण्याचा, चढ-उतारावर ब्रेक आणि वेग सांभाळण्याचा, सिग्नल वाचण्याचा सराव ते चांगला देतात. पण सिम्युलेटरमधला प्रत्येक बिघाड कुणीतरी आधी लिहून ठेवलेला असतो. फळीखालचा बिघाड कुणीच लिहिलेला नसतो. वरून चकाकणारा, आतून न धरलेला सोल्डरचा डाग, पावसाळी हवेत फुगलेलं प्लायवूड, चाकांवर साचलेला काळा थर, उन्हाळ्यात प्रसरण पावून फट बुजवणारा रूळ, यांतलं नेमकं काय घडलं हे मल्टिमीटर हातात घेऊन शोधावं लागतं. आधी निम्मा लेआउट सोडवून बघायचा, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवायचं, मग त्याचं अर्धं. अंदाज बांधायचा, तो तपासायचा, चुकला तर सोडून द्यायचा. वैज्ञानिक पद्धत म्हणून आपण जे शिकवतो ते हेच, आणि इथे निकाल परीक्षक देत नाही, गाडी देते.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि जागेचा, आणि तो मनापासून मान्य करण्यासारखा आहे. बाहेरून येणारी इंजिनं महाग पडतात. जागेचं म्हणाल, तर आपल्याकडचा एलएचबी प्रवासी डबा सुमारे २४ मीटर लांब. एचओमध्ये तो सुमारे साडेसत्तावीस सेंटिमीटरचा होतो आणि २४ डब्यांची गाडी साडेसहा मीटरहून लांब. दोन खोल्यांच्या घरात एवढी लांबी मिळणार नाही. पण या आक्षेपाचा रोख वरच्या बाजूवर आहे. खालच्या बाजूचं सामान, म्हणजे वायर, स्विच, रिले, रेझिस्टर, एलईडी, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत आणि बहुतेक जिल्ह्यांच्या गावी सहज मिळतं, आणि ते परवडतंही. रेल्वेचा सगळा विचार छोट्या फळीवरही करता येतो. इंग्लंडमधले छंदकार ॲलन राइट यांचा ‘इंगलनूक सायडिंग्ज’ हा शंटिंगचा आराखडा चार-पाच फूट लांब आणि फूटभर रुंद फळीवर मावतो. दोन सांधे, तीन फाटे, एक इंजिन आणि आठ वाघिणी. एका फाट्यावर पाच वाघिणी मावतात, इतर दोन्हींवर तीन-तीन. आठांतल्या पाच वाघिणी नेमून दिलेल्या क्रमाने लावायच्या. असे क्रम ६,७२० होतात. एका इंजिनात इतका खेळ आणि इतकं वायरिंग मिळत असेल, तर खर्चाचा मुद्दा छंद सोडून देण्याचं कारण ठरत नाही, लहान सुरुवात करण्याचं कारण ठरतो. धोक्याबद्दल एक नियम मात्र कडक हवा: २३० व्होल्टच्या बाजूला घरगुती प्रयोग नकोत. पुरवठा प्रमाणित, बंदिस्त अॅडॉप्टरचाच घ्यावा आणि मुलांचं काम त्याच्या पुढच्या कमी व्होल्टच्या बाजूलाच राहावं.

चौथा आक्षेप आपलेपणाचा: हे सगळं युरोप-अमेरिकेचं, यात आपली रेल्वे कुठे? गेजपुरता हा आक्षेप बरोबर आहे. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं, एचओमध्ये ते सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवं. प्रत्यक्षात बहुतेक जण तयार मिळणाऱ्या १६.५ मिलिमीटरच्या रुळांवरच आपले डबे चालवतात. पण महाराष्ट्राच्या नॅरोगेजला हा आक्षेप लागू पडत नाही. एव्हरर्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७मध्ये सुरू झाली, पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली. तिचं गेज ७६२ मिलिमीटर होतं, ८७ने भागलं तर ८.७६. एन प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे रूळ तिला जवळपास तंतोतंत बसतात. मूर्तिजापूर-यवतमाळच्या ‘शकुंतला’ रेल्वेचं गेजही तेवढंच. कुर्डुवाडीत ब्रॉडगेज आणि नॅरोगेज शेजारी येत होते, त्या स्टेशनचं मॉडेल दोन प्रकारच्या तयार रुळांवर उभं राहू शकतं. डबे-इंजिनं हाताने घडवावी लागतील, आणि त्यासाठी जुनी छायाचित्रं, नकाशे, त्या मार्गावर काम केलेल्यांच्या आठवणी गोळा कराव्या लागतील. ते काम स्थानिक इतिहासाचं मोठंच काम ठरेल. शिवाय गेजमध्ये तडजोड करावी लागली तरी नियमांत करावी लागत नाही. हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल, हा आपल्या सिग्नलचा क्रम वायरींतून शंभर टक्के खरा उतरवता येतो.

म्हणून हे काम छंदाच्या चौकटीबाहेर नेण्याची गरज आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६पासून अनेक शाळांत टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. तिथे मायक्रोकंट्रोलर आहेत, सेन्सर आहेत, सोल्डरिंगची साधनं आहेत. पुष्कळदा उणीव असते ती वर्षानुवर्षं पुढे नेता येईल अशा एका सामाईक प्रकल्पाची. एकदा दिवा लुकलुकला, की प्रयोग संपतो आणि सुटे भाग परत खोक्यात जातात. शाळेची रेल्वे अशी संपत नाही. सहावीच्या मुलांनी फळी आणि रूळ बसवावेत, आठवीच्यांनी ब्लॉक पाडावेत, नववीच्यांनी सिग्नल जोडावेत आणि पुढच्या तुकडीसाठी वायरींचा नकाशा लिहून ठेवावा. आधीच्या मुलांनी केलेलं काम समजून घेणं, त्यात न मोडता भर घालणं आणि नंतर येणाऱ्यांसाठी खुणा ठेवणं, ही जबाबदारी आज आपल्या शिक्षणात जवळपास कुठेच शिकवली जात नाही. उद्या वीजमंडळात, रेल्वेत, कारखान्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त गरज तिचीच लागते.

या दिवाळीत घरातल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी रेल्वेचा संच घ्यायचा विचार असेल, तर संचातल्या तयार वर्तुळावर थांबू नका. त्याच्याबरोबर प्लायवूडची एक फळी, दोन रंगांची वायर, चार स्विच, एक मल्टिमीटर आणि एक कोरी वही आणा. पहिल्या दिवशी एकच फट पाडा, एकच स्विच जोडा, एक इंजिन थांबवून दुसरं चालवून बघा, आणि कोणती वायर कुठे जाते ते त्याच दिवशी वहीत लिहा. दुसरी वायर जोडायची ती पहिलीची नोंद झाल्यावरच.